प्रयाग चिखलीच्या मामाचा सोलर कंदील: ऊन नसलेल्या पाच रात्रींचा हिशोब

२०२४ च्या मे महिन्यात प्रयाग चिखलीच्या आमच्या मामाला सोलर कंदील घेऊन द्यायचा होता. बजेट दोन ते अडीच हजार, घरात माणसं पाच, म्हशी चार. पुरात लाईट गेली की घरात आणि गोठ्यात उजेड पाहिजे, आणि गाव सोडून सोनतळीला जायची वेळ आली तर तोच कंदील उचलून नेता आला पाहिजे. त्यात माझी स्वतःची पण एक हाव होती, जुलैत मी पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला जातो तिथंही तोच चालला तर बघू म्हटलं. खरेदी एवढीशी, पण त्यात माझा महिना गेला, दोन कंदील विकत घेतले, एक परत केला. सगळं सविस्तर लिहितोय कारण नदीकाठच्या प्रत्येक घराला हा प्रश्न आहे आणि दुकानात गेलं की बटण दाबून डोळ्यावर उजेड मारून दाखवतात, त्यापलीकडं कुणी काही सांगत नाही.

ज्यांना भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्या जिथं एकत्र येऊन पंचगंगा होते ते प्रयाग कोल्हापूरजवळ, आमच्या मामाच्या गावात. त्यामुळं राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की चिखली आणि आंबेवाडीत आवराआवर सुरू होते, आणि ४३ ची धोका पातळी ओलांडायची चिन्हं दिसली की जनावरं घेऊन लोक सोनतळीला निघतात. १९८९ च्या पुरानंतर तिथं पुनर्वसनाचे प्लॉट मिळालेत, मामाचं तिथं एक पत्र्याचं शेड आहे, लाईटचं कनेक्शन नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ही मंडळी निघायला उशीर करून माडीवर अडकली होती आणि मेणबत्त्यांवर रात्री काढल्या होत्या. त्यानंतर मामाच्या पोरानं ऑनलाईन एक सोलर कंदील मागवला, ५९९ रुपयाचा, वर ओढला की पेटतो तसला, डोक्यावर बिस्किटाएवढं पॅनेल, खोक्यावर १०००० एमएएच (बॅटरीत किती साठतं त्याचं माप) आणि १०० तास असं छापलेलं.

तो कंदील २०२१ च्या पुरात वापरायची वेळ आली. सोनतळीच्या शेडात तिसरी रात्र होती आणि एक म्हैस व्यायला टेकलेली. कंदील रात्री दहालाच मेला होता, दिवसभर शेडाच्या पत्र्यावर ठेवून पण त्यात काही भरलंच नव्हतं, पाऊस नुसता कोसळत होता. रात्री अडीचला म्हैस अडली. मामा आणि पोरगा पाय धरून ओढत होते, मामीला दोन्ही हात मोकळे पाहिजे होते म्हणून तिनं मोबाईलचा टॉर्च लावून मोबाईल दातात धरला, ९ टक्के चार्जिंग. रेडकू बाहेर पडलं आणि मोबाईल बंद झाला. नाकावरचा चिकट पडदा मामीनं अंधारात चाचपून बोटानं काढला आणि पोत्यानं घासत बसली श्वास लागेपर्यंत. रेडी जगली. पण मामी मला नंतर म्हणाली ते डोक्यात बसलं, "आरं, हाताला लागलं ते नाक हाय का कान हाय ते बी कळंना, असलं दिवं काय कामाचं?"

मी शिरोली एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, मल्टिमीटर रोज हातात. तरी त्या कंदिलाकडं तीन वर्षं लक्ष दिलं नाही ही माझी चूक. २०२४ च्या मेमध्ये नवीन घ्यायचा विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा जुना खोलला. आत एकच सेल, त्यावर १२०० एमएएच लिहिलेलं. ३.७ व्होल्टनं गुणलं तर जेमतेम साडेचार वॅट-अवर (एक वॅटचा दिवा तासभर चालतो तेवढी वीज म्हणजे एक वॅट-अवर). एलईडी फुल उजेडाला दीड वॅट खात होते, म्हणजे नवाकोरा असताना पण तीन तास. आणि डोक्यावरचं पॅनेल मेच्या रणरणत्या दुपारी ५५ मिलिअँपिअर देत होतं, म्हणजे तो छोटा सेल भरायला सुद्धा २२ तास कडक ऊन, चार दिवस धरा. मग मुद्दाम ढग आलेली एक संध्याकाळ गाठून, वळवाच्या आधी आभाळ काळं झालं होतं तेव्हा मोजलं तर ५-६ मिलिअँपिअर.

इथंच माझ्या डोक्यात सगळं फिरलं. आपल्याकडं कंदिलाची गरज कधी लागते? नोव्हेंबर ते मे लख्ख ऊन असतं तेव्हा लाईट गेली तर तासा-दोन तासात येते. मोठी गरज लागते ती जुलै-ऑगस्टात, सलग पाऊस असताना, म्हणजे नेमकी तेव्हाच जेव्हा ऊन नसतं. मग सोलर कंदील घेताना पॅनेल कितीचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की पाच दिवस ऊन दिसलंच नाही तर हा कंदील किती रात्री जातो. बाकी सगळं मी या एका प्रश्नावर घासून बघितलं.

त्यासाठी आधी रोजची गरज काढायची होती. मामीबरोबर चहा पीत बसलो आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचं सगळं विचारून घेतलं, कागदावर. संध्याकाळी साडेसहाला अंधारून येतं, धार काढायला तासभर नीट उजेड, स्वयंपाक-जेवण दहापर्यंत मध्यम उजेड, मग रात्रभर गोठ्यात मिणमिणता असला तरी चालतो, कारण पुराच्या दिवसात सरपटणारं काय पण येतं, पाय टाकताना दिसलं पाहिजे. पहाटे साडेचारला परत धार. उजेड किती म्हणजे किती हे कळायला, घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, मेणबत्ती १२-१३ लुमेन. धारेला २०० लुमेन पुष्कळ, स्वयंपाकाला १००, रात्री १५. कंदिलाच्या एलईडीला साधारण ९०-१०० लुमेनला एक वॅट लागतो असं धरलं. दोन्ही धारा मिळून दीड तास मोठा उजेड म्हणजे ३.३ वॅट-अवर, चार तास मध्यम म्हणजे ४.४, सात तास मिणमिणता म्हणजे १.२. एका रात्रीला ९ वॅट-अवर, पाच रात्रींना ४५.

हा आकडा हातात आल्यावर दुकानातली भाषाच बदलली. खोक्यावर एमएएच लिहिलेलं असतं, पण एमएएच एकटा काही सांगत नाही, तो व्होल्टनं गुणून हजारानं भागला की वॅट-अवर निघतात आणि मग कुठलाही कंदील कुठल्याही कंदिलाशेजारी ठेवून बघता येतो. ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल ५००० एमएएचचा असेल तर साडेअठरा, ३.२ व्होल्टचा लिथियम फॉस्फेटचा (पूर्ण नाव लिथियम आयर्न फॉस्फेट) ५००० असेल तर सोळा.

आणि याच हिशोबात मोबाईल चार्जिंगचं पितळ उघडं पडलं. प्रत्येक दुकानदार 'यावर मोबाईल पण चार्ज होतो' हे अभिमानानं सांगतो, मामाच्या पोराला पण तेच सगळ्यात आवडलं होतं. पण स्मार्टफोनची बॅटरी ५००० एमएएच म्हणजे १९ वॅट-अवर, म्हणजे एक फोन फुल केला की दोन रात्रींचा उजेड गेला. साध्या बटणाच्या फोनला ४ वॅट-अवर पुरतात आणि तो पाच-सहा दिवस चालतो. म्हणून पहिला निर्णय कंदिलाबद्दल झालाच नाही, असा झाला की पुराच्या दिवसात मामाचं सिम बटणाच्या फोनमध्ये आणि कंदिलाला स्मार्टफोन लावायचा नाही. मामाचा पोरगा नाराज झाला, पण मामीनं त्याला म्हशीच्या त्या रात्रीची आठवण करून दिली.

मग पर्याय बघितले, राजारामपुरी आणि लक्ष्मीपुरीतली दुकानं आणि ऑनलाईन मिळून. वर ओढून पेटणारे स्वस्त कंदील लगेच बाद. हवा भरून फुगवायचा पारदर्शक कंदील एक मित्रानं दाखवला, कल्पना फार चांगली आहे, २०१० च्या हैती भूकंपानंतर कोलंबिया विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी असला कंदील तयार केला, घडी केला की खिशात बसतो, पाण्यावर तरंगतो, पण बॅटरी लहान आणि गोठ्यात खिळ्याला, शिंगाला लागून फुटायची भीती, तो मामासाठी नाही. घराला लावायचा १० वॅट पॅनेल आणि दोन बल्बचा सेट दमदार होता, पण त्यातली लेड-अॅसिड बॅटरी तीन-चार किलो, आणि ती बॅटरी रिकामी ठेवली की मरते, मामाच्या घरी कंदील दहा महिने माळ्यावर पडणार हे मला माहीत होतं.

सगळ्यात तगडा पर्याय होता पॉवरबँक आणि यूएसबी बल्ब, खरं सांगतो, फक्त पुराचा विचार केला तर आजही कुणाला मी तो स्वस्तातला मार्ग सांगेन. २०००० एमएएचची चांगली पॉवरबँक, त्यातून प्रत्यक्ष बाहेर येतात ते साधारण ५५-६० वॅट-अवर, आणि शंभर रुपयाचा बल्ब. मामाकडं नापास झाला तो एवढ्यासाठी की बल्बला कमी-जास्त करता येत नाही, काही पॉवरबँका फार कमी करंट असला की आपोआप बंद होतात म्हणजे रात्रभरचा मिणमिणता उजेड जमत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पॉवरबँक घरात असली की ती पोराच्या फोनला लागणार आणि ऐन वेळी रिकामी सापडणार. घर कुणाचं आहे ते बघून वस्तू घ्यावी लागते.

आता पहिली फसगत. ऑनलाईन एक कंदील मिळाला, १४९९ रुपये, २०००० एमएएच, वर घडीचं पॅनेल, दिसायला झक्कास. २०००० म्हणजे ७४ वॅट-अवर, मी हुरळून गेलो आणि मागवला. आल्यावर हातात घेतला तर हलका लागला. मामाकडं दूध मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे त्यावर ठेवला, २४० ग्रॅम. आता बघा, आत जो लिथियमचा गोल सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात, तो चांगल्यातला चांगला ३४००-३५०० एमएएचचा असतो आणि एकाचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम. २०००० पाहिजे तर असले सहा सेल, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन २७०-२८० ग्रॅम. अख्खा कंदील २४० ग्रॅमचा असताना आत २०००० बसणार कुठनं? तरी खात्री म्हणून यूएसबी मीटर लावून रिकाम्यापासून फुल चार्ज केला, आत गेले फक्त ७ वॅट-अवर. म्हणजे दोन हजार एमएएचच्या आसपास, छापलेल्याच्या दहावा हिस्सा. परतीची मुदत सात दिवसांची होती, पाचव्या दिवशी परत केला आणि पैसे मिळाले, पण ज्यांच्याकडं मीटर नाही त्यांनी काय करायचं? काटा तर गावात प्रत्येक दूधवाल्याकडं आहे. वजन करा आणि भागाकार करा.

शेवटी जो घेतला तो राजारामपुरीतल्या एका दुकानातून, १८५० रुपये. दिसायला अगदी साधा, हिरवं प्लॅस्टिक, वर कडी. निवडायची कारणं सांगतो. एक म्हणजे पॅनेल वेगळं, ३ वॅटचं, पाच मीटर वायरसकट. पॅनेल कंदिलाच्या डोक्यावर असेल तर चार्जिंगसाठी कंदीलच उन्हात तापतो आणि लिथियम सेलला उष्णतेचाच खरा त्रास, ४५ अंशांच्या वर चार्ज करूच नये. आणि पावसात तर पॅनेल पत्र्यावर आणि कंदील आत कोरडा, याला दुसरा मार्गच नाही. दुसरं, आत लिथियम फॉस्फेटचा सेल, ६००० एमएएच, ३.२ व्होल्ट, म्हणजे १९ वॅट-अवर. हा प्रकार जड असतो, पण जळायची भीती फार कमी आणि हजार-दोन हजार वेळा चार्ज झाला तरी टिकतो, साधा लिथियम-आयन चार-पाचशेतच दमतो. तिसरं, तळाला चार स्क्रू. दुकानदार म्हणाला, "खोलून बघा हवं तर," आणि मी तिथंच खोलला. ३२७०० नावाचा जाडजूड सेल, सोलर स्ट्रीटलाईटमध्ये असतो तोच, तेव्हा कोल्हापुरात साडेतीनशे-चारशेला बदलून मिळत होता. मुंबईच्या आयआयटीनं खेड्यातल्या पोरांच्या अभ्यासासाठी सोलर दिवे पोचवले तेव्हा ते गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडून जोडून घेतले होते, म्हणजे बिघडला तर दुरुस्त करणारा गावातच. जी वस्तू खोलता येत नाही ती संकटासाठी घ्यायची नाही असं माझं ठाम मत झालंय. आणि चौथं, उजेड पिवळट. पांढऱ्या-निळसर उजेडावर पावसाळ्यातली पाखरं तुटून पडतात आणि धारेच्या बादलीत येतात, पिवळ्यावर कमी येतात.

एक कमतरता माहीत असून स्वीकारली. याला आयपीएक्स४ होतं, म्हणजे शिंतोडे चालतात, पाण्यात पडला तर गेला. अर्धा तास मीटरभर पाण्यात टिकणारा आयपी६७ चा कंदील एवढ्या बॅटरीत बजेटमध्ये बसत नव्हता. त्यावर मामीनं उपाय काढला, तिच्याकडं झाकणाची जुनी दुधाची किटली आहे, कंदील त्यात बरोब्बर बसतो. नेताना किटलीतच.

आणून लगेच मामाला दिला नाही. जूनभर आमच्या फुलेवाडीच्या गच्चीवर पॅनेल टाकून बसलो. लोक पॅनेल दक्षिणेला तिरकं लावतात, गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरसारखं, पण कोल्हापूर पावणेसतरा अंशावर आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. शिवाय ढगाळ दिवसात उजेड सगळ्या आभाळातून सारखा येतो. म्हणून पावसाळ्यात पॅनेल चक्क आडवं, पाणी निथळण्यापुरता उतार. सावलीचं पण बघितलं, उन्हात ४५० मिलिअँपिअर येत होते, एका चौकोनावर जास्वंदीचं एक पान ठेवलं तर १५० च्या खाली आले, कारण आतले तुकडे एकामागं एक जोडलेले असतात, एक अडला की सगळ्यांची वाट अडते. मामीच्या लुगड्यांची दोरी कुठं असते ते मला त्याच दिवशी आठवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसाचं माप. जूनच्या शेवटी तीन दिवस झोडपून पाऊस लागला, तेव्हा दिवसाचे २.४, ३.१ आणि १.९ वॅट-अवर मिळाले. उघडीप असलेल्या दिवशी ९. मेमध्ये १२. म्हणजे ऐन पावसात हे ३ वॅटचं पॅनेल फक्त गोठ्यातल्या रात्रभरच्या मिणमिणत्या उजेडाचा खर्च भागवतं आणि थोडं वर उरतं, धार आणि स्वयंपाक आधी साठवलेल्यावरच. मग हिशोब असा बसवला, कंदिलात १९, मामाच्या घरातली १०००० ची जुनी पॉवरबँक कंदील एकदा भरून बटणाच्या फोनपुरतं उरवते ते १९, आणि पॅनेलचे पाच दिवसांचे १० धरले. एकूण ४८. पाहिजेत ४५. जेमतेम, पण बसतंय. पॉवरबँकेवर मामीनं रंगानं 'कंदील' असं लिहिलं आणि ती किटलीतच ठेवायला लागली, पोराच्या हाताला लागू नये म्हणून.

ट्रेकचं थोडक्यात सांगतो. जुलैत हाच कंदील पन्हाळ्यावरून मसाई पठारापर्यंत पाठीवर नेला आणि तिथंच कळलं की एका वस्तूत दोन्ही कामं होत नाहीत. कंदील ७८० ग्रॅम, पॅनेल ४५०, आणि सॅकवर बांधलेलं पॅनेल धुक्यात, पावसात, चालता चालता हलत दिवसभरात काही म्हणजे काही देत नाही. चिखलात, ओढ्यात उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत, तिथं डोक्याला लावायचा टॉर्च आणि जास्तीचे सेल एवढंच खरं. मुक्कामाच्या घरात उजेड पाहिजे असेल तर पाण्याच्या पांढऱ्या बाटलीवर टॉर्चचं तोंड टेकवा, सगळी खोली उजळते. पेटवायचं काही तंबूत नकोच, आग आणि धूर दोन्ही जिवावर बेततात. दुसऱ्या दिवशी पांढरेपाण्यापासून पावनखिंडीपर्यंत पाय घसरत गेलो, परतल्यावर कंदील सरळ मामाच्या घरी पोचवला.

आणि बरं झालं पोचवला, कारण त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली आणि मंडळी सोनतळीला गेली. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की पातळी ३५ फूट झाली, ३९ ची वाट बघायची नाही, की कंदील आणि पॉवरबँक दोन्ही घरच्या लाईटवर फुल करायचे, कारण पाणी चढलं की लाईट बंद करावीच लागते. मामानं ते तंतोतंत केलं. पहिल्या दोन रात्री उत्तम गेल्या. तिसऱ्या रात्री, पहाटे चारला, धारेच्या आधीच कंदील बंद.

मामाचा फोन आला, "भाच्या, तीन ठिपकं दिसत हुतं की रं झोपताना." हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं आणि आलं नाही. लिथियम फॉस्फेट सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम पडतो, आणि कंदिलावरचे चार ठिपके व्होल्टेज बघूनच पेटतात, त्यामुळं निम्मा असो की तळाला गेलेला असो, ठिपके तीनच. उजेड पण कमी होत जात नाही, की बाबा आता संपायला आला. त्यामुळं मामानं पॉवरबँक लावलीच नव्हती, अजून आहे की म्हणून. पंधरा मिनिटं अंधारात गेली, पॉवरबँक लावली आणि पुढं चाललं, नुकसान काही नाही, पण ठिपक्यांवर भरवसा ठेवायचा नाही हे कळलं. तेव्हापासून नियम असा की ठिपके काहीही दाखवोत, एक दिवसाआड कंदील भरायचाच.

कशावर भरायचा, तर शेजारच्या शेडातल्यांची पिकअप होती. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा अडीचशे रुपयाचा चार्जर मी त्या दिवशी दुपारी घेऊन गेलो, दूध घालायला गाडी जाऊन येईपर्यंत कंदील बऱ्यापैकी भरून यायचा. खरेदीच्या यादीत हा चार्जर पहिल्या दिवसापासून असायला पाहिजे होता. पुरात ऊन नसतं, लाईट नसते, पण गाड्या फिरत असतात. यूएसबीवर चार्ज होत नाही असा निव्वळ सोलर कंदील आपल्या भागात घेऊच नका, अजिबात नको.

आणखी एक झालं, मोकळं सुटलेल्या रेडकानं पॅनेलची वायर चावली. आतली तार तुटली नव्हती, टेप गुंडाळला, पण आता वायर जुन्या पाण्याच्या पाईपमधून घेतलीय आणि पत्र्याच्या कडेनं वर नेलीय.

यंदा, २०२५ च्या मेमध्ये, कंदील परत आणून मीटरवर लावला. माळ्यावर टाकताना निम्मा भरून ठेवायचा आणि दर दोन महिन्यांनी बघायचा असं सांगितलं होतं, मामीनं कॅलेंडरवर खुणा केल्यात. मागच्या वर्षी नवा असताना फुल व्हायला २२ वॅट-अवर गेले होते, यंदा २१ गेले. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण मात्र सैल झालंय, तिथं पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चढवली.

२०२१ ला अंधारात जन्मलेली ती रेडी आता मोठी म्हैस झालीय, पहिल्यांदाच गाभण आहे आणि दिवस जुलैच्या शेवटी भरतात. मामानं सोनतळीच्या शेडात तिच्या जागेच्या वर, शिंग पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आडव्या पाईपला लोखंडी हूक वेल्डिंग करून घेतलाय. परवा मी कंदील तिथं टांगून बघितला, मोठ्या उजेडावर मागच्या पायांपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. मामी दोन्ही हात पुढं धरून उभी राहिली, सावली कुठं पडते ते बघितलं, आणि हूक वीतभर उजवीकडं घ्यायला सांगितला.